रोड बाईकची सीटपोस्ट खाली सरकते, नाशिककर सायकलवाल्यांनो उपाय सांगा

गोदाकाठ
नमस्कार मंडळी.
माझ्या रोड बाईकची सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) चालवता चालवता खाली सरकते. गाडी वापरलेली घेतली आहे, बाकी गिअर, ब्रेक, चाकं, कशाचीच तक्रार नाही. पण गंगापूर रोडने धरणापर्यंत जाऊन आलो की सीट अर्धा बोट खाली. त्र्यंबकला निघालो तर पेगलवाडीच्या आसपास पाय पुरते सरळ होईनासे होतात. थांबायचं, सीट वर ओढायची, बोल्ट पिळायचा, पुन्हा निघायचं. बरोबरची मंडळी तोवर अंजनेरीला चहा पिऊन मोकळी.
एका दुकानात दाखवली. त्यांनी ग्रीस लावून, करकचून घट्ट करून दिली. उलट सरकणं वाढलं.
क्लॅम्प (पोस्ट आवळून धरणारी कडी) बदलू, पोस्ट बदलू, की आणखी काही आहे? कुणी यातून गेलं असेल तर सांगा. पुढच्या महिन्यात सापुताऱ्याला जायचं ठरतंय, त्याआधी हे मार्गी लावायचंय.

मिसळ_तर्री_जास्त
सीट टिकत नाही म्हणताय? ऐन निवडणुकीत धागा काढलात. खुर्ची टिकवणं भल्याभल्यांना जमलेलं नाही हो.
(जाणकार येतीलच. वाचतोय.)

घाटमाथा
क्लॅम्प बदला. दोन बोल्टवाला घ्या. विषय संपला.

वसंतकाका
आम्ही कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा कापून पोस्टला गुंडाळायचो आणि वरून ठोकून बसवायचो. वर्षानुवर्षं हलली नाही. नाशिकरोडहून सीबीएसला रोज कामाला जायचो त्याच सायकलवर, मागे कॅरिअरवर डबा आणि कधी कधी धाकटा भाऊ. हल्लीच्या गाड्या नाजूक फार.

प्राजक्ता_इंदिरानगर
गोदाकाठ, पोस्ट कशाची आहे? ऍल्युमिनियम की कार्बन? त्यावर सगळं उत्तर बदलतं. आणि फ्रेम?

गोदाकाठ
प्राजक्ताताई, फ्रेम ऍल्युमिनियमची. पोस्ट काळी आहे, वजनाला हलकी, वरच्या टोकाला विणीसारखी नक्षी दिसते. कार्बनच असावी. क्लॅम्प एका बोल्टचा, त्यावर ५ एनएम (न्यूटन मीटर) असं छापलंय.

प्राजक्ता_इंदिरानगर
मग तिथेच गोम आहे. कार्बन पोस्टला साधं ग्रीस लावत नाहीत. धातूच्या पोस्टला पातळ थर लावतात, कारण धातूला धातू चिकटून बसू नये, गंजू नये. कार्बन मुळात गुळगुळीत असतो, त्यात ग्रीस म्हणजे घसरगुंडीच. त्यासाठी वेगळी कार्बन पेस्ट मिळते. तिच्यात बारीक कण असतात. क्लॅम्प आवळला की ते कण पोस्ट आणि फ्रेमच्या मध्ये दाबले जातात आणि पकड वाढते. त्यामुळे बोल्ट कमी आवळूनही पोस्ट जागची हलत नाही. फिनिश लाईनची फायबर ग्रिप, पार्क टूलची पेस्ट, यातलं काहीही चालेल. ट्यूब कायच्या काय पुरते, छोटी पुडी मिळाली तरी घ्या.

वसंतकाका
प्राजक्ता, म्हणजे पत्रा नको म्हणतेस?

प्राजक्ता_इंदिरानगर
काका, लोखंडी पोस्टला तुमचा उपाय पक्का आहे, त्याबद्दल वादच नाही. पण कार्बनवर पत्र्याची कापलेली कड रुतली की तिथूनच चीर जायला सुरुवात होते. आणि कार्बन वाकत नाही, थेट तुटतो. कसाऱ्याच्या उतारावर सीटखालचा दांडा तुटला तर काय होईल, नुसत्या विचाराने अंगावर काटा येतो.

सातपूरचा_टर्नर
मी लेथवर काम करतो, सायकल रविवारची. हे प्रकरण मापाचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घट्ट करण्याआधी मोजा. पोस्ट पूर्ण बाहेर काढा, फडक्याने पुसा. खालच्या बाजूला बहुतेक वेळा माप कोरलेलं असतं, २७.२, ३०.९, ३१.६ असं काहीतरी. रोड बाईकला २७.२ सर्रास. आता व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावा आणि खरंच तेवढी आहे का बघा. एकाच जागी मोजू नका, वर, मध्ये, खाली आणि आडवं-उभं दोन्हीकडून. वापरलेल्या गाडीत आधीच्या मालकाने २७.० ची पोस्ट घातलेली निघते. दोन दशांश मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण आमच्या कामात दोन दशांश म्हणजे जॉब रिजेक्ट.

दुसरी खूण क्लॅम्पची. बोल्ट आवळल्यावर क्लॅम्पच्या दोन कानांमध्ये फट उरते का? कान एकमेकांना टेकले असतील तर पुढे कितीही पिळा, सगळा जोर कानांवर जातो, पोस्टवर नाही. पोस्ट तरी बारीक आहे किंवा क्लॅम्प तरी मोठा आहे. २७.२ च्या पोस्टला क्लॅम्प साधारण ३१.८ चा लागतो, कारण तो फ्रेमच्या नळीच्या बाहेरून बसतो. ३१.६ च्या पोस्टला ३४.९ चा. पुष्कळांचा गोंधळ इथेच होतो. पोस्टवरचा आकडा बघून त्याच मापाचा क्लॅम्प मागवतात.

फ्रेमच्या तोंडाशी उभी खाच असते तीही बघा. आत रंगाचे थर, माती, जुनं ग्रीस साचून खाच भरली असेल तर नळी आवळलीच जात नाही.

वसंतकाकांनी सांगितलेल्या पत्र्याबद्दल: कोल्ड्रिंकच्या डब्याच्या भिंतीचा पत्रा साधारण एक दशांश मिलिमीटर असतो. एक वेढा म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळून दोन दशांश. २७.० ची पोस्ट २७.२ ला न्यायला बरोबर तेवढंच लागतं. म्हणजे काकांचा हिशोब चोख आहे, फक्त तो धातूच्या पोस्टसाठी वापरा.

वसंतकाका
हिशोब करून कोण गुंडाळत होतं! पण ऐकून बरं वाटलं.

मिसळ_तर्री_जास्त
काका, आता बिल पाठवा दुकानदारांना, सल्लागार म्हणून.

डॉ_शुभदा
थोडं गुडघ्यांविषयी. सीट खाली जाणं ही नुसती कटकट नाही. सीट खाली गेली की प्रत्येक फेरीत गुडघा जास्त वाकतो आणि वाटीवर दाब वाढतो. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागलं तर आधी सीटची उंची तपासा. सीट फार वर गेली तर मागच्या बाजूला ओढ बसते. ८० च्या कॅडेन्सने (मिनिटाला ८० फेऱ्या) तासाला ४८०० वेळा पाय फिरतो. अर्धा बोट फरकही एवढ्या फेऱ्यांत जाणवतोच.
उंचीसाठी सोपं माप: भिंतीला टेकून अनवाणी उभं राहा, पायांच्या मध्ये जाड पुस्तक वरपर्यंत घट्ट धरा, पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. त्याला ०.८८३ ने गुणा. ८२ सेंमी आलं तर ७२.४. क्रँक (पॅडलचा दांडा) ज्या आसावर फिरतो त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत तेवढं ठेवून सुरुवात करा. पॅडल तळाशी असताना गुडघा साधारण २५ ते ३५ अंशांत वाकलेला असावा. तिथून अंगाला मानवेल तसं थोडं वर-खाली.

पंचवटीकर
डॉक्टर, माझा डावा गुडघा सहा महिने दुखतोय, उजवा नाही. तोही सीटमुळे का?

डॉ_शुभदा
पंचवटीकर, एकाच बाजूला असेल तर शूजच्या क्लीटचा (पॅडलमध्ये अडकणाऱ्या खिट्टीचा) कोन, पायांच्या लांबीतला फरक किंवा जुनी दुखापत असू शकते. सहा महिने म्हणजे अंगावर काढू नका, अस्थिरोगतज्ज्ञांना प्रत्यक्ष दाखवा. इथे निदान करणं योग्य नाही.

रँडोनियर_नाशिकरोड
३०० किमीच्या ब्रेव्हेला (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब राईडला) २० तासांची मुदत असते. त्यात सीट सरकली की नुसता वेळ जात नाही, डोकंही जातं. मी पोस्टवर फ्रेमच्या तोंडालगत इन्सुलेशन टेपचा एक वेढा देतो. टेपची खालची कड आणि क्लॅम्प यांत फट नसते. सीट सरकायला लागली की टेप क्लॅम्पवर चुरगळते, लगेच कळतं. शिवाय गाडी विमानाने किंवा ट्रेनने नेताना पोस्ट काढली तरी परत नेमक्या उंचीवर बसते.
आणखी एक: सरकतंय ते पोस्टच आहे ना? कधी कधी पोस्ट जागेवर असते आणि वर सीटचे रेल (सीटखालच्या दोन सळ्या) मागे सरकतात किंवा सीटचं नाक खाली झुकतं. चालवताना भास सारखाच होतो. टेपने तेही ठरतं.

घाटमाथा
एवढा अभ्यास कशाला? बोल्ट नीट आवळला की झालं. माझ्याकडे लांब पाना आहे, एकदा बसवली की हत्ती बसला तरी हलत नाही.

सातपूरचा_टर्नर
घाटमाथा भाऊ, तुमची पोस्ट ऍल्युमिनियमची असणार, म्हणून निभावतंय. ५ न्यूटन मीटर म्हणजे किती ते हाताला कळावं म्हणून सांगतो. १० सेंमी लांबीच्या ऍलन कीच्या टोकाला साधारण ५ किलो वजन टांगलं तर जेवढा जोर पडेल तेवढा. दोन बोटांचं काम आहे. लांब पाना आणि पूर्ण हात लावला की तिप्पट-चौपट जोर सहज जातो. मग क्लॅम्पचे आटे जातात, नाहीतर कार्बनवर गोल रेघ उमटते. गोदाकाठ, तुमच्या पोस्टवर अशी रेघ आहे का बघा. नखाने उभं ओरखडून बघा, नख अडकलं तर ती पोस्ट वापरू नका, कितीही वाईट वाटलं तरी.

घाटमाथा
हो, ऍल्युमिनियमचीच आहे. कार्बनचं वेगळं असेल तर माघार. पण दोन बोल्टच्या क्लॅम्पवर ठाम आहे, दाब दोन जागी वाटला जातो.

निफाडचा_द्राक्षवाला
माझी उलटी कथा. पोस्ट वरही येईना, खालीही जाईना. स्टीलची जुनी फ्रेम, ऍल्युमिनियमची पोस्ट. पावसाळाभर त्र्यंबक, पेठ रोड असं हिंडलो, पोस्ट कधी काढलीच नाही. आत पांढरी भुकटी धरून दोन्ही धातू एकजीव झाले. शेवटी गाडी उलटी करून आतून तेल सोडलं, काही दिवस तसंच मुरू दिलं, मग पोस्टचं डोकं व्हाइसमध्ये धरून पूर्ण फ्रेम फिरवली तेव्हा कुठे सुटली. घरातली सगळी माणसं फ्रेम धरायला होती. द्राक्षतोडणीलाही एवढी जमत नाहीत.

प्राजक्ता_इंदिरानगर
म्हणूनच धातूच्या पोस्टला ग्रीस हवंच. दोन वेगळे धातू, त्यात पाणी आणि घामातलं मीठ, की ही भुकटी धरणारच. कार्बन फ्रेममध्ये ऍल्युमिनियमची पोस्ट असली तरी हाच प्रकार होतो, तिथे पेस्टच लावायची, तिने मध्ये आडोसाही होतो. पावसात लांब जाऊन आलात की पोस्ट काढून फ्रेम उलटी करा. नळीतून किती पाणी निघतं बघून थक्क व्हाल. पोस्ट काढण्याआधी उंचीची खूण मात्र करा.

मिसळ_तर्री_जास्त
पेस्ट नाही मिळाली तर टूथपेस्ट चालेल का? खरंच विचारतोय. एका ग्रुपवर वाचलं होतं.

प्राजक्ता_इंदिरानगर
नको. वाळली की भुगा होते, ओली असताना घसरते. बारीक वाळू, पॉलिश पेपरने कार्बन खरवडणं, हेही नको. खरवडलं की वरचा राळेचा थर जातो आणि आतले धागे उघडे पडतात. ऍल्युमिनियमची पोस्ट फार गुळगुळीत झाली असेल तर मात्र क्लॅम्पच्या जागी आडव्या दिशेने हलका पॉलिश पेपर फिरवला तर चालतो.

ओझरचा_सायकलवाला
माझी एअरो फ्रेम आहे, बाहेर क्लॅम्पच नाही. आत टॉप ट्यूबमध्ये (फ्रेमच्या वरच्या आडव्या नळीत) पाचर आहे, वरून बोल्ट. माझीही पोस्ट सरकते. कुणाला अनुभव?

रँडोनियर_नाशिकरोड
ओझरकर, पाचरच्या उताराच्या बाजूला थोडं ग्रीस, म्हणजे ती नीट वर चढते. पोस्टला टेकणाऱ्या बाजूला पेस्ट. दोन्ही बाजूंना ग्रीस लागलं की सरकलीच. आणि फ्रेमबरोबर आलेलं पत्रक शोधा. त्यात टॉर्कचा (बोल्ट किती जोराने आवळायचा त्याचा) आकडा असतो, तो प्रत्येक कंपनीचा वेगळा.

पंचवटीकर
अवांतर: २०१५ मध्ये आपल्या डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन बंधूंनी रॅम (रेस अक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत) पूर्ण केली, तेव्हापासून नाशिकमध्ये रोड बाईक किती वाढल्या नाही? २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुलनाथांनी तीच एकट्याने पूर्ण केली. पहाटे गंगापूर रोडला आता हेल्मेटांची रांग दिसते. फक्त गाड्या वाढल्या त्या मानाने कार्बनचं काम नीट कळणारे हात वाढलेले नाहीत.

डॉ_शुभदा
अगदी. आणि पंढरपूरच्या सायकल वारीमुळे पन्नाशी-साठीची मंडळीही आली. त्यांना तर सीटची उंची सगळ्यात जास्त सांभाळायला हवी.

गोदाकाठ
मंडळी, बरीच प्रगती आहे.
पोस्ट बाहेर काढली. ग्रीसचा काळा थर, त्यात माती. पुसल्यावर खाली २७.२ दिसलं. शेजारच्यांचा व्हर्नियर आणून मोजलं, सगळीकडे २७.२ च्या आसपास. क्लॅम्पच्या जागी गोल रेघ आहे, पण नख अडकत नाही, नुसती चकाकी गेलीय. क्लॅम्पच्या कानांमध्ये फट उरते.
पोस्ट आणि फ्रेमचा आतला भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने फडक्यावर काळं यायचं थांबेपर्यंत पुसला. पेस्ट लावली. मित्राचा टॉर्क पाना आणून ५ ला टक् वाजेपर्यंत आवळलं.
पहिल्यापेक्षा कितीतरी बरं आहे. पण सोमेश्वरच्या पुढचे गतिरोधक ओलांडून आलो तर टेप किंचित चुरगळलेली. दोन-तीन मिलिमीटर असेल. आता काय राहिलं?

घाटमाथा
दोन बोल्टवाला क्लॅम्प. सांगून ठेवतो.

सातपूरचा_टर्नर
शाब्बास, मोजून लिहिलंत. आता बोल्ट काढून बघा. आटे कोरडे आहेत का, गंज आहे का, बोल्टच्या डोक्याखाली माती आहे का?
कारण सांगतो. टॉर्क पाना बोल्ट किती जोराने फिरतोय ते मोजतो, पोस्टवर किती दाब पडतोय ते नाही. आटे कोरडे, मातीने भरलेले असले की तुमचा बराचसा जोर बोल्ट फिरवण्यातच खर्च होतो. पाना ५ ला टक् करतो, पण क्लॅम्प आवळलेला नसतो. पोस्टला ग्रीस नको, पण बोल्टच्या आट्यांना आणि डोक्याखाली ग्रीसचा थेंब हवाच. दुकानात नेमकं उलटं झालं असणार.
तसंच क्लॅम्प फ्रेमच्या कडेवर सपाट बसलाय ना? तिरका असेल तर एका बाजूलाच दाबतो.

प्राजक्ता_इंदिरानगर
+१. आणि पोस्ट किती आत आहे तेही बघा. पोस्टवर किमान खोलीची रेघ असते, ती फ्रेमच्या आत गेलेली हवी. शिवाय पोस्टचं टोक टॉप ट्यूबच्या जोडाच्याही खाली पोचलं पाहिजे. पोस्ट उथळ बसली की प्रत्येक खड्ड्याला मागेपुढे डुलते आणि डुलत डुलत खाली येते. फ्रेमच्या तोंडालाही धोका.

गोदाकाठ
टर्नर दादा, बोल्ट काढला. आट्यांत लाल गंज, डोक्याखालची वॉशर मातीने चिकटलेली. जुन्या टूथब्रशने रॉकेल लावून साफ केलं, आट्यांना ग्रीस, पोस्टला पुन्हा पेस्ट. त्याच ५ वर आवळताना या वेळी बोल्ट आणखी जवळजवळ पाव फेरा गेला आणि कानांमधली फट डोळ्यांना दिसेल इतकी कमी झाली. तोच पाना, तोच आकडा!
प्राजक्ताताई, किमान रेघ चांगली आत आहे, जोडाच्याही खाली जाते.
आज त्र्यंबकला जाऊन आलो. खड्डे मुद्दाम चुकवले नाहीत. टेप जशीच्या तशी. सीट हाताने दोन्हीकडे पिळून बघितली, तसूभर हलत नाही. अंजनेरीला सगळ्यांबरोबर चहा घेतला.
क्लॅम्प बदलावा लागला नाही, घाटमाथा भाऊ. पण हा चालतोय तोपर्यंतच, आटे गेले तर तुमचाच दोन बोल्टवाला घेईन.

घाटमाथा
हे चाललं. आणि मी माझ्या बोल्टला ग्रीस लावून आलो आत्ताच, कधी लावलंच नव्हतं.

वसंतकाका
छान झालं पोरांनो. माझा नातू रोड बाईक मागतोय. त्याला घ्यायची तर पोस्ट कार्बनची घ्यावी की नको?

सातपूरचा_टर्नर
काका, शिकण्यासाठी असेल तर ऍल्युमिनियमचीच घ्या. ग्रीस लावा, वर्षातून एकदा पावसाळा संपला की काढून पुसा, परत बसवा. वापरलेली गाडी घेत असाल तर पोस्ट दुकानातच हाताने बाहेर काढून दाखवायला सांगा. निघाली नाही तर ती गाडी घेऊ नका.

निफाडचा_द्राक्षवाला
काका, शेवटचं वाक्य अधोरेखित करा.

ओझरचा_सायकलवाला
पाचर साफ केली. दोन्ही बाजूंना ग्रीसच होतं. पेस्ट मागवलीय, आली की कळवतो. गोदाकाठ, सापुताऱ्याची तारीख ठरली की इथेच टाका, मीही येईन.

गोदाकाठ
नक्की. पहाटे पाचला दिंडोरी नाक्यावर जमायचं, वणीला नाश्ता. तारीख दोन दिवसांत टाकतो. सगळ्यांनी येताना चार आणि पाच मिमीच्या ऍलन की आणा.